मागच्या रस्त्यावरचं तसंच दार

अमेरिकेत कुणाला घाबरायचं हे मला आपल्याच माणसांनी शिकवलं.

२००१ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी न्यू जर्सीत एडिसनला आले. नवरा आयटीत, एका कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर. कंपनी जिथे पाठवेल तिथे बिऱ्हाड हलवायचं. आमच्या खालच्या मजल्यावर दादरच्या एक काकू राहायच्या. बरीच वर्षं झाली होती त्यांना तिकडे येऊन. पहिल्याच आठवड्यात त्या मला ओक ट्री रोडला घेऊन गेल्या, ताजा कढीपत्ता कुठे मिळतो ते दाखवलं आणि परत येताना गाडीत सगळं समजावून सांगितलं.

"हे बघ, स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला एकटीनं जायचं नाही. काळे दिसले की पर्स पुढे घ्यायची आणि रस्ता ओलांडायचा. गोऱ्यांचं काही नसतं. ते आपापल्या कामात असतात."

मी मान डोलावली. नवीन गावात कुणी वडीलधारं माणूस गॅसचं बटण कसं फिरवायचं ते दाखवतं, तसंच मला ते वाटलं.

मग सप्टेंबर आला. टॉवर पडले. पुढे कितीतरी दिवस कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. एका सकाळी मला न्यूयॉर्कला कॉन्सुलेटमध्ये काम होतं म्हणून मी नवऱ्याबरोबर स्टेशनवर गेले होते. प्लॅटफॉर्मवर रोजचीच गर्दी. आमच्या पुढ्यात एक गोरा माणूस उभा होता. टाय, इस्त्रीचा कोट, हातात कॉफी. काकूंनी ज्यांच्याबद्दल काळजी करू नकोस म्हणून सांगितलं होतं, नेमका तसा. तो वळला, नवऱ्याकडे बघत राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तुझ्या लोकांनी केलंय हे." मग एक शिवी दिली आणि हातातली कॉफी नवऱ्याच्या छातीवर ओतली.

नवरा हलला नाही. मीही नाही. शर्टातून वाफ निघत होती आणि आम्ही दोघं जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं रुळांकडे बघत होतो. तेवढ्यात मागून एक जाडजूड बाई गर्दीला ढकलत पुढे आली. तिच्या तोंडून एवढ्या शिव्या बाहेर पडल्या की निम्म्या मला कळल्याही नाहीत. "हा माणूस रोज या गाडीला असतो. मी पण असते. तू कोण रे?" तो कोटवाला तिच्यावर ओरडला, ती त्याच्यावर दुप्पट ओरडली. शेवटी तो प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. तिनं पर्समधले नॅपकिन काढून नवऱ्याच्या हातात कोंबले आणि त्यालाही झापलं. "असा पुतळ्यासारखा उभा राहू नकोस. इथं जर्सीत उलट बोलावं लागतं."

त्या संध्याकाळी नवऱ्यानं मिशी काढली.  पुढे फोटो पाठवले तेव्हा माझे सासरे, म्हणजे बाबा, फोनवर त्याच्यावर भडकले. "आपल्या घरात बाप जिवंत असताना कुणी मिशी काढत नाही." बाबा साताऱ्याचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. डेपोच्या गर्दीत माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे, असा आवाज. तरुणपणी तालमीत जायचे. घरात बोलता बोलता सहज म्हणायचे, "आम्ही कुणाच्या बापाला भ्यालो नाही." नवरा त्यांना म्हणाला, "इथं उन्हाळा फार असतो, बाबा. घाम येतो मिशीत." कॉफीचं त्यानं सांगितलं नाही.

२००३ मध्ये कंपनीनं आम्हाला मेम्फिसला पाठवलं. हे कळल्यावर काकू घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. "मेम्फिस? अगं, तिथं सगळे तेच आहेत. गन घेऊन फिरतात." त्यांनी मला एक शिट्टी दिली, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायला.

आमच्या नव्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या दारात एक काळी बाई राहायची. माझ्या आईच्या वयाची, नर्स, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. पहिले काही आठवडे मी तिच्या दाराचा आवाज आला की आतच थांबायची. तिची पावलं जिन्यावरून उतरून गेली की मग बाहेर पडायची. तिच्या ते लक्षात आलं असणार. 

एका सकाळी आमच्या गाडीची काच फुटलेली दिसली. मागच्या सीटवरची नवऱ्याची बॅग गेली होती. मी रस्त्यावर उभी राहून रडत होते. ती कामावरून परत येत होती, गणवेशातच. वर गेली, झाडू आणि सुपली घेऊन खाली आली आणि काही न विचारता काचा गोळा करायला लागली. म्हणाली, "माझी दोनदा फोडलीय. तुला काय वाटलं, ते फक्त तुम्हालाच लुटतात?" मग हसली. मीही हसले, आणि माझं मलाच कसंतरी झालं.

त्यानंतर आमचं येणंजाणं सुरू झालं. एका रविवारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली पार्किंगमध्ये तिची मुलगी गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. गाडी बंद. ती स्वतः बाहेर उभी. खिडकीवर टकटक करायची, आवाज जाड करून काहीतरी विचारायची. मुलगी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून उत्तर द्यायची. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा मुलीनं पटकन बाजूच्या पर्सकडे हात नेला, तशी आई एवढ्या जोरात ओरडली की मी दचकले. मुलीनं हात परत स्टिअरिंगवर ठेवले. तिचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी मी विचारलं, तो कसला खेळ होता?

"पोलिसानं गाडी थांबवली तर काय करायचं," ती म्हणाली. "हात दिसले पाहिजेत. खिशात घालायचे नाहीत, पर्समध्ये घालायचे नाहीत. काही काढायचं असेल तर आधी सांगायचं, मग हळू काढायचं. पळायचं नाही. आवाज चढवायचा नाही."

"पण तिनं काही केलंच नसेल तर?"

ती म्हणाली, "काही केलं नसेल तेव्हासाठीच आहे हे."

२००५ मध्ये टेक्सासला, फ्रिस्कोला आलो, तेव्हा मुलगी वर्षाची झाली होती आणि मला वाटलं की आता संपलं. नवऱ्याला कायमची नोकरी मिळाली. आम्ही नवीन वसाहतीत घर घेतलं. रुंद रस्ते, काठ्यांना बांधलेली ओकची कोवळी रोपं, पहाटे आपोआप सुरू होणारे फवारे. शेजारी हात उंचावून "मॅम" म्हणायचे. दुकानात अनोळखी माणूस दार धरून उभा राहायचा. जर्सीत कुणी माझ्यासाठी दार धरलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्यानं आम्हाला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर, आपण लग्नाचा अल्बम दाखवतो तशा कौतुकानं, कपाट उघडून आपल्या बंदुका दाखवल्या. एक आजोबांची होती. नवरा म्हणाला, "व्हेरी नाइस." घरी येताना आम्ही दोघं त्यावर खूप हसलो.

पुढच्या वर्षी बाबा आले. आजेसासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे सासूबाईंना, म्हणजे आईंना, येता आलं नाही. बाबांना पहिले काही दिवस करमेना. बोलायला माणूस नाही, पेपर नाही. मग त्यांनी फिरायला सुरुवात केली. दुपारचा चहा घेऊन निघायचे, गावच्या पाण्याच्या उंच टाकीपर्यंत जाऊन परत यायचे. टाकीवर लक्ष ठेवलं की माणूस चुकत नाही, म्हणायचे. त्या फुटपाथवर बाबांशिवाय कुणी चालत नसे. खाली पांढरा पायजमा, वर नवऱ्याच्या कंपनीचा जुना टी-शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. गाडीतून जाणारे हात करायचे, बाबा डेपोतून बस सोडावी तसा हात उंच करायचे. मी त्यांच्या खिशात आमचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून दिली होती. "मी काय हरवतोय काय?" असं म्हणायचे, पण चिठ्ठी बरोबर घेऊन जायचे.

आमच्या वसाहतीत घरांचे मोजकेच नमुने होते आणि तेच आलटूनपालटून सगळ्या रस्त्यांवर होते. तीच वीट, तीच कमान, तोच दिवा, तेच तपकिरी दार. मला स्वतःला पहिले काही दिवस गॅरेजचा रिमोट दाबून कुठलं दार उघडतंय ते बघावं लागायचं.

ऑक्टोबरमधली दुपार होती. नेहमीच्या वाटेवर फुटपाथचं काँक्रीट ओलं होतं, म्हणून बाबा पलीकडून वळसा घालून आले आणि एक रस्ता आधीच वळले. आमच्या मागच्या रस्त्यावर. कोपऱ्यापासून आमचं घर जिथं असायला हवं, तिथं तसंच घर होतं. मुलगी झोपली असेल, बेलनं उठायला नको, म्हणून त्यांनी खिशातली किल्ली लावली. किल्ली फिरेना. त्यांनी काढून पुन्हा लावली. दार खांद्यानं दाबलं. शेवटी हाक मारली, "अगं, दार उघड. कुलूप अडकलंय." बाबांची हाक म्हणजे डेपोतली हाक.

आत एक बाई होती. तिला काय ऐकू आलं असेल, ते मी पुढे कितीदा तरी मनात ऐकून पाहिलं. दाराशी कुणी अनोळखी पुरुष, कुलपाची खडखड, दारावर खांद्याचे धक्के आणि न कळणाऱ्या भाषेत ओरडणं.

मला घरी हे काहीच माहीत नव्हतं. मुलगी उठली, तिनं दूध प्यायलं, तरी बाबा आले नाहीत. मी तिला गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि शोधायला निघाले. टाकीपर्यंत जाऊन आले. परत येताना मागच्या रस्त्याला वळले.

आमच्या घरासारख्याच घरासमोर हिरवळीवर बाबा उभे होते. त्यांच्यासमोर, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढ्या अंतरावर, एक गोरा माणूस. पन्नाशीचा असेल. हाफपँट, अनवाणी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. दोन्ही हातांत पिस्तूल धरलेलं. पिस्तूल बाबांच्या छातीवर रोखलेलं.

मी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. दार उघडं, इंजिन चालू, मुलगी मागे. खाली उतरले. तो माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत होता, "गेट ऑन द ग्राउंड! ऑन द ग्राउंड!" आणि बाबा, मला अजून ते डोळ्यांसमोर दिसतं, बाबा हळूहळू त्याच्या दिशेनं पुढे जात होते. चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीतरी गैरसमज झालाय आणि आपण तो आता मिटवणार आहोत, असा चेहरा होता. मग त्यांचा उजवा हात पायजम्याच्या खिशाकडे गेला.

"बाबा, खिशात हात घालू नका! हात वर करा!"

एवढं मोठ्यानं मी जन्मात कधी ओरडले नव्हते. तो माणूस गर्रकन माझ्याकडे वळला. पिस्तुलासकट. त्याला माझी भाषा कळली नव्हती, मागून आणखी एक कुणीतरी आलं एवढंच कळलं होतं. मी माझे हात वर केले. माझ्या हातात गाडीची किल्ली नव्हती, फोन नव्हता, काही नव्हतं, हे त्याला दिसावं म्हणून मी बोटं पसरली.

"प्लीज," मी म्हणाले. इंग्रजी आठवेना. "माझे वडील आहेत. पुढच्या रस्त्यावर राहतो. घर चुकले ते. घरं सारखी आहेत."

"काय सांगितलंस तू त्याला?"

"हात वर करा म्हणून सांगितलं."

बाबांनी हात वर केले होते. खांद्यापर्यंतच, अर्धे. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचे हात नीट वर जात नाहीत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"त्याला खाली बसायला सांग."

"बाबा, खाली बसा. गुडघ्यावर."

"का?" बाबा म्हणाले. "मी काय केलंय?"

"बाबा, पाया पडते तुमच्या. बसा."

ते बसले. डावा गुडघा धरायचा त्यांचा, म्हणून आधी एक हात जमिनीला टेकवायला खाली नेला, तशी त्या माणसानं पुन्हा आरोळी मारली. हात परत वर. मग हात न टेकवता, डगमगत, ते हिरवळीवर गुडघे टेकून बसले. गाडीत मुलगी रडायला लागली होती. "आजू! आजू!" तिला खिडकीतून सगळं दिसत होतं. मला तिच्याकडे जायचं होतं आणि मी हात खाली करू शकत नव्हते.

किती वेळ आम्ही तसे होतो, मला खरंच सांगता येणार नाही. खिडकीच्या पडद्याआड ती बाई कानाला फोन लावून उभी होती. कुणाच्या तरी अंगणात गवत कापायचं यंत्र चालू होतं आणि ते चालूच राहिलं.

पोलिसाची गाडी आली. गाडी दिसल्याबरोबर त्या माणसानं पिस्तूल पायरीवर ठेवलं आणि तो मागे सरकून, हात दाखवत उभा राहिला. पोलीस तरुण होता. त्यानं आधी पिस्तूल ताब्यात घेतलं, मग बाबांचे खिसे तपासले. चिठ्ठी निघाली. त्यानं ती वाचली, पुढच्या रस्त्याच्या दिशेनं पाहिलं आणि बाबांना दंडाला धरून उठवलं. "यू ओके, सर?" तो म्हणाला. सगळे फार सभ्यपणे बोलत होते. तो माणूस घराच्या पायरीवर बसला होता. त्याच्या बायकोनं बाबांसाठी पाण्याचा ग्लास आणला. बाबांनी घेतला, पण ते प्यायले नाहीत. ग्लास परत देताना म्हणाले, "थँक यू." पोलिसाला म्हणाले, "थँक यू." आणि मग त्या माणसाकडे वळून त्यालाही म्हणाले.

पोलिसानं मला बाजूला घेऊन सांगितलं की कुणाचीही तक्रार नोंदवण्यासारखं काही नाही. "इथं घरमालकाला तसा अधिकार आहे, मॅम. तुम्ही वेळेवर आलात." तो दटावत नव्हता. ऊन वाढलंय, डोक्यावर टोपी घाला, असं कुणी काळजीनं सांगावं तसं सांगत होता. माझ्या अंगावर काटा आला तो पिस्तुलासमोर नाही, त्याच्या त्या बोलण्यानं.

घरी आल्यावर बाबा बाथरूममध्ये जाऊन खूप वेळ पाय धूत बसले. पायजम्याच्या गुडघ्यांवर हिरवे डाग पडले होते. ते डाग पुढे कितीही धुतले तरी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माणूस आमच्या दारात आला. बायकोनं केलेला ‘पाय’ घेऊन, म्हणजे केकसारखा गोड प्रकार, अक्रोडासारख्या दाण्यांचा. तोही घाबरलेला होता, डोळे सुजलेले. त्याला रात्रभर झोप आली नव्हती. नवऱ्यानं त्याला आत घेतलं. तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसून म्हणाला, "माझी बायको एकटी होती. मी गॅरेजमध्ये होतो. मी एक सेकंद जास्त थांबलो, त्याबद्दल देवाचे आभार मानतो." मग बाबांना म्हणाला, "सर, पुढच्या वेळी बेल वाजवा." नवरा सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "थँक यू फॉर कमिंग." दार लावून तो तसाच दाराला पाठ टेकून उभा राहिला. तो गोड प्रकार ओट्यावर पडून होता. मुलगी म्हणाली, "कॅन आय हॅव सम?" आणि आम्ही तिला दिला.

तीन-चार दिवसांनी बाबा माझ्याशी बोलले. मी भाजी निवडत होते. ते समोर येऊन बसले आणि एकदम म्हणाले, "तो ग्राउंड ग्राउंड म्हणत होता. ग्राउंड म्हणजे मैदान. मला वाटलं, ओट्यावरून उतर, ग्राउंडवर ये म्हणतोय. म्हणून मी हिरवळीवर उतरलो आणि त्याच्याकडे चाललो." ते हसायला गेले. "म्हणजे तो झोप म्हणत होता आणि मी त्याच्या अंगावर चाललो होतो." हसू मधेच थांबलं. त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि पानं खुडत बसले.

नवऱ्याला दार लाल रंगवायचं होतं, लांबून ओळखू यावं म्हणून. वसाहतीच्या कमिटीनं कळवलं की दारांना ठरावीक रंगच चालतात. ते सगळे तपकिरीच होते. मग एका शनिवारी तो न सांगता बाहेर गेला आणि दुपारी परत आला. म्हणाला, "बंदुकीच्या दुकानात गेलो होतो." मी काही बोलायच्या आत त्यानं रिकामे हात दाखवले. "हातात घेऊन बघितली. दुकानदार फार चांगला बोलला. मग मनात आलं, ही घेऊन मी आपल्याच अंगणात उभा राहिलो आणि पोलीस आले, तर आधी कुणाला जमिनीवर झोपवतील?"

बाबा पुन्हा रस्त्यावर गेले नाहीत. मागच्या अंगणात लाकडी कुंपणाच्या कडेकडेनं फेऱ्या मारायचे. कुंपण उंच होतं, त्यांच्या डोक्याच्या वर. गवतावर त्यांच्या चालण्याची पायवाट उमटली. मी चहा घेऊन गेले की दारातूनच आवाज द्यायची, कारण मागून गेलं की ते दचकायचे. डेपोत हजार माणसांना हाकणारा माणूस घरात हलक्या आवाजात बोलायला लागला. शेवटी त्यांनी तिकीट अलीकडचं करून घ्यायला सांगितलं. कारण सांगितलं ते आजींच्या तब्येतीचं.

मीही बदलले. कुरिअरवाला आला तरी खिडकीतून आधी हात बघायची. मुलीला खेळायला नेलं आणि तिचा चेंडू दुसऱ्याच्या हिरवळीवर गेला तर तिला जाऊ देत नसे. "व्हाय, ममा?" ती विचारायची. मी म्हणायची, चेंडू दुसरा आणू. मेम्फिसच्या त्या नर्सला मी एकदा फोन केला. सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "ते खाली बसले ना? झालं. बाकीचं नंतर." एडिसनच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पण तो गोरा होता ना? मग त्याला भीती वाटली असेल बिचाऱ्याला." त्यानंतर मी त्यांना स्वतःहून फोन केला नाही.

२००८ च्या डिसेंबरात आम्ही साताऱ्याला गेलो. मंदीत नवऱ्याची नोकरी गेली होती, दुसरी दुसऱ्या राज्यात मिळाली होती, मधल्या सुट्टीत आलो होतो. बाबा बरे दिसत होते. एका संध्याकाळी त्यांचे एसटीतले जुने मित्र चहाला आले. अमेरिका कशी काय, म्हणून त्यांनी विचारलं.

"रस्ते म्हणजे लोणी," बाबा म्हणाले. "आणि माणसं इतकी सभ्य! ओळख ना पाळख, हात करतात."

"तुम्ही एकटे फिरायचात?"

"रोज. मला काय भीती आहे?"

आई कौतुकानं ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना काही ठाऊक नाही. त्याच आठवड्यात मी पाहिलं होतं, बाबा बाजारातून आले आणि स्वतःच्या घराच्या दाराशी थांबले. किल्ली खिशात असून त्यांनी बेल वाजवली आणि दोन पायऱ्या खाली उतरून, पिशव्या जमिनीवर ठेवून, दोन्ही हात मोकळे सोडून उभे राहिले. आईंनी दार उघडलं आणि वैतागून म्हणाल्या, "किल्ली नेली होती ना?"

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि बाबा गच्चीवर होतो. अजिंक्यताऱ्यावर ऊन उतरत होतं. मी विचारलं, "आईंना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी गुडघ्यावर बसलो म्हणून सांगू?" ते म्हणाले. "ती तुम्हाला परत या म्हणेल. तुम्ही येणार नाही. मग रोज रात्री जागी राहील. आत्ता मी एकटाच जागतो, तेवढं पुरे."

 खाली मुलगी इंग्रजीत आजीला काहीतरी समजावत होती आणि आई मराठीत हो हो म्हणत होत्या.

"आता कुठे जाणार?" बाबांनी विचारलं.

"ओहायो."

"तिथली माणसं कशी आहेत?"

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले.